रायफल काळी करताना

हा प्रसंग मी बरीच वर्षं टाळला. रिटायर होताना चार शब्द बोलायला लावले, तेव्हाही दुसराच सांगितला.

परळला आमचं बंदूक दुरुस्तीचं लायसन्स असलेलं वर्कशॉप होतं. मी सुपरवायझर. एका सिक्युरिटी एजन्सीच्या रायफली काळ्या करायला आल्या होत्या. लोकांना वाटतं तो रंग असतो. रंग नव्हे. कॉस्टिक सोडा आणि सोऱ्यासारखे क्षार घातलेल्या उकळत्या पाण्यात पोलाद बुडवून ठेवतात. त्याचाच वरचा थर काळा होतो. तो तेल धरून ठेवतो, म्हणून गंज लवकर चढत नाही. शिवाय नळी उन्हात चमकत नाही, हे शिकाऱ्याला आणि सैनिकाला दोघांना हवं असतं.

त्या टाकीला आम्ही बाथ म्हणायचो. पाणी आटलं की बाथ जास्त तापतो आणि रायफल तांबूस निघते. त्या दुपारी पहिल्या दोन तशाच निघाल्या. मी शील्ड, म्हणजे तोंडावरचं पारदर्शक झाकण, लावून थर्मामीटर पाहिला. पारा फार वर होता.

"बर्नर बंद करतो," चंद्रकांत म्हणाला. लालबागचा, बाथवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. "निवला की पळीनं थोडं थोडं पाणी सोडतो."

"पाचला त्यांची गाडी येतेय. चालू बाथमध्येच टाक."

"साहेब, हे काय आंघोळीचं पाणी आहे, विसण घालायला?"

"टाक म्हणतो ना!"

त्यानं पाण्याचा मग भरला. मी मागे सरलो. वर्कशॉपमध्ये शील्ड एकच होतं आणि ते माझ्या तोंडावर होतं.

पाण्याची क्षणात वाफ झाली आणि बाथ उसळला. त्याचा उजवा डोळा गेला. डाव्याला नुसता उजेड कळतो.

रिपोर्ट मी लिहिला. 'सूचना देऊनही कामगाराने शील्ड वापरले नाही व घाईने पाणी ओतले.'

"तुम्ही बजावलं होतंत ना त्याला?" शेठनी विचारलं.

"हो."

नियम मोडला म्हणून त्या कागदावर त्याची नोकरी गेली. शील्ड ओतणाऱ्याच्या तोंडावर असावं, बघणाऱ्याच्या नव्हे. शिकलो ते एवढंच.

गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. आवाजावरून त्यानं ओळखलं. बायकोला चहा टाकायला सांगितला.

"माझीच घाई नडली, साहेब. तो रिपोर्ट इतक्यांदा वाचून दाखवला मला, आता तसंच आठवतं."

"चंद्रकांत, त्या दिवशी..."

"साखर चालते ना तुम्हाला?"

मी "चालते" म्हणालो, आणि चहा पिऊन उठलो.