चौतीस बोंबलांचा पंचनामा

"भाडेकरूच असणार. मालक स्वतःच्या गच्चीवर कशाला बोंबील वाळवेल?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वॉचमनला सांगत होत्या. मी तीन पावलांवर लिफ्टची वाट बघत होते. आमच्या इमारतीत भाडेकरू एकच घर, आई आणि मी. मी वळून बघितलं नाही. लिफ्ट आली तरी जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले, कारण लिफ्टमध्ये काकूंच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं.

या गोष्टीला वर्ष झालं, पण सुक्या मासळीचा वास आला की ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त पोलीस अधिकारी आहेत. सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते नोकरीतल्या केसेस वहीत लिहितात आणि हल्ली मी त्या टाइप करून देते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल हे शब्द मी त्या वहीतून शिकले. ही केस मात्र वहीत नाही. "तू साक्षीदार होतीस, तूच लिही," असं ते म्हणाले.

त्या महिनाअखेरीस आमचा करार संपत होता. नवीन करारासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं होतं आणि साहेबांनी ते थांबवून ठेवलं होतं. "चौकशी चालू आहे," एवढंच उत्तर. पाच वर्षांतलं हे आमचं तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरांत भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं असायचं. इथे आईने मालकांची लेखी परवानगी काढून पहिल्यांदा एक खिळा ठोकला होता.

नियमांच्या बाबतीत आई अशीच आहे. साहेबांनी दिलेले सतरा नियम तिने फ्रिजला चिकटवले होते. चपला दाराच्या आत. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा, सकाळी आठच्या आत. पाहुणा राहिला तर रजिस्टरात नाव. नववा नियम मालकांनाही लागू होता: गच्चीवर काहीही वाळत घालू नये. गच्चीला कुलूप असे आणि चावी साहेबांच्या घरी, दारामागच्या खुंटीला.

खबर काकूंनीच दिली होती. साहेब तातडीने घटनास्थळी पोहोचले. काकू आणि वॉचमन पंच झाले. पंचनाम्यात नोंद झाली, 'अर्धवट वाळलेले बोंबील, नग चौतीस'. मुद्देमाल खाकी कागदात बांधून त्यावर लाखेचं सील लावलं गेलं. सोसायटीच्या ऑफिसात तो ठेवताच चेअरमननी नाकाला रुमाल लावून राजीनाम्याची भाषा केली. म्हणून पुडकं साहेबांच्या घरी माळ्यावर गेलं.

आरोपी कोण, हे मला माहीत होतं. पंचनाम्याच्या आदल्या दुपारी, मी घरूनच काम करत असताना, दार उघडलं तर साहेबांच्या पत्नी, आमच्या मावशी, गच्चीच्या जिन्यावरून उतरत होत्या. हातात रिकामी टोपली, पदराच्या टोकाला चावी. "पानी आलं का गं?" त्यांनी विचारलं. मी "आलं" म्हणाले. मावशी खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. आमचं सामान आलं त्या दिवशी भाकऱ्या घेऊन वर आलेल्या त्या एकट्याच. त्यांचं नाव सांगायचं, की आईला खिळा उपटायला सांगायचं? मी नेहमीप्रमाणे गप्प राहिले.

रविवारी सकाळी साहेबांनी मला घरी बोलावलं. काकू सोफ्यावर, वॉचमन दाराशी.

"'समक्ष विचारल्यावरून जबाब देते की...'" साहेब मोठ्याने लिहीत होते. "गाव?"

"मालवणजवळ."

काकूंनी वॉचमनकडे बघितलं.

"मासे खाता?"

"हो."

"सुके?"

"हो."

"बोंबील तू वाळवलेस?"

"नाही."

"आईने?"

"नाही."

"गच्चीखालीच राहता. वास आला असेल ना?"

"आला."

"मग तक्रार का नाही केली?"

"आवडतो."

वॉचमनला खोकला आला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते नंतर मला म्हणाले, की गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात. स्वतःला वाचवणारा स्वतःच्या हातांकडे बघतो, दुसऱ्याला वाचवणारा दाराकडे. मी सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"अगं, माळ्यावरचं पुडकं आण," साहेबांनी हाक मारली. "पंचांसमोर सील तोडायचंय."

आत कढईत काहीतरी चुरचुरलं.

"अगं, ऐकलंस का?"

"कुठलं पुडकं?" मावशी पळी घेऊनच बाहेर आल्या. "अर्धे ओले बोंबील कागदात बांधून कोन ठेवतो? किडे पडले असते! चार दिवस गॅलरीत तुमच्या डोक्यावर लटकत होते, तुम्ही खाली बसून चहा पीत होता. एकेक मी माझ्या हाताने दोरीला लावलेला. तो काय सडवायला?"

मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"सील तोडलंस?" साहेबांचा आवाज बसला होता. बाकी सगळं त्यांना चाललं असतं.

"तोडलं. लाख डब्यात ठेवलीय."

"आणि चावी?"

"तुमच्याच खुंटीची. इतकी वर्षं चोर धरलेत, घरची खुंटी नाय दिसली?"

"मालकच निघाले की," काकू पुटपुटल्या, माझ्याकडे न बघता.

मी त्या दिवशी एवढं शिकले, की मी गप्प बसले तरी माझा जबाब लिहिला जातोच. फक्त तो दुसरं कोणीतरी लिहितं, लिफ्टपाशी उभं राहून. साहेब काय शिकले ते त्यांनी सांगितलं नाही. पण पुढच्या मीटिंगमध्ये नववा नियम सैल झाला आणि चावी वॉचमनकडे गेली.

मावशींनी सगळ्यांसमोर ताटल्या ठेवल्या. कांदा-चिंच घातलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. साहेबांनी ना-हरकत पत्र पुढे ओढलं, पेन उघडलं आणि सहीच्या जागेवर थांबले.

"तुला सगळं माहीत होतं. तरी खरं बोलली नाहीस. आता बोलायचं, मगच सही. कसे झालेत?"

"छान!" काकू म्हणाल्या.

"एकदम बढिया," वॉचमन म्हणाला.

मावशी पळी धरून माझ्याकडे बघत होत्या. मी घास गिळला.

"मीठ कमी आहे, मावशी."