त्रेसष्ट दिवस चालू राहिलेला कॉम्प्युटर

चाळीसपैकी एकोणचाळीस कॉम्प्युटर अपडेट झाले होते. लायब्ररीतला सत्तावीस नंबर तेवढा अडून बसला होता. माझ्या स्क्रीनवर कारणही दिसत होतं: फाइल उघडी आहे, तरीही रीस्टार्ट करायचं का?

अंधेरीतल्या एका विद्यापीठात मी सिस्टिम सांभाळतो. त्या दिवशी ऑडिट होतं आणि रजिस्ट्रारसाहेबांना चारच्या आत रिपोर्ट हवा होता. एक मशीन राहिलंय, वर जाऊन बघून येतो, असं मी त्यांना फोनवर सांगितलं.

"सावंत, एका मशीनसाठी रिपोर्ट अडवू नका. बसल्या जागेवरून होतं ना ते?"

होत होतं. लायब्ररी चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. लॉग बघितला तर ते मशीन त्रेसष्ट दिवस बंदच झालेलं नव्हतं. लायब्ररीवाल्यांच्या आळसाला मनात दोन शिव्या हासडल्या आणि फोर्स रीस्टार्ट दाबलं. चाळीसपैकी चाळीस. साहेब खूश.

आमचे सगळ्यांच्या वापराचे कॉम्प्युटर 'फ्रीझ' केलेले असतात. मुलं नको ते डाउनलोड करतात, म्हणून ही सोय मीच केली होती. दिवसभर काहीही करा, मशीन रीस्टार्ट झालं की ते पहिल्यासारखं कोरं होतं. ठेवायचं ते डी ड्राइव्हवर ठेवा, अशी नोटीस लायब्ररीच्या दारावर लावली होती. ते दार कायम भिंतीला टेकवून उघडं ठेवलेलं. नोटीस भिंतीकडे तोंड करून होती.

साडेचारला फिलोमिनाबाई खाली आल्या. लायब्ररीत अटेंडंट, वीस वर्षांची नोकरी.

"सर, डेस्कटॉपवर माझं फोल्डर होतं. दिसत नाही."

मी नंबर विचारला. सत्तावीसच.

त्या जवळच्याच जुन्या गावठाणातल्या. तिथे लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात. तेव्हाची गाणी फक्त त्यांच्या आत्याला पूर्ण येत होती. बाईंनी ती फोनवर रेकॉर्ड केली होती आणि सुट्टीचे दोन महिने, जेवणाच्या वेळेत, दोन बोटांनी टाइप करत होत्या. संध्याकाळी मॉनिटरचं बटण दाबून घरी जायच्या. स्क्रीन काळी झाली म्हणजे कॉम्प्युटर बंद, असा त्यांचा समज होता. सुट्टीत तिथे दुसरं कुणी बसत नव्हतं, म्हणून रोज सकाळी फोल्डर जागेवर सापडायचं.

"रेकॉर्डिंग फोनमध्ये असेल ना?" मी विचारलं.

"फोन भरला होता. या कॉम्प्युटरवर टाकलं आणि मग पुसलं. म्हटलं, विद्यापीठाचा कॉम्प्युटर आहे, इथून कुठे जातंय."

तीन दिवस मी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवत बसलो. त्यांचा फोनही तपासला. पुसलेल्या जागेवर नातवाचे व्हिडिओ येऊन बसले होते. कॉम्प्युटरवर अपडेटच्या नव्या फाइली. शेवटी एका फाइलचं नाव तेवढं हाती लागलं, 'विहीर ४'. उघडली तर आत काहीच नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

आत्याकडून परत म्हणून घेऊ, मी येतो रेकॉर्डिंगला, असं मी म्हणालो.

"आत्या मेमध्ये गेली, सर."

"तुम्हाला थोडी तरी येत असतील."

"शब्द तिलाच यायचे. आम्ही मागून नुसता सूर धरायचो. तुमची चूक नाही, सर. मीच बटण चुकीचं दाबत होते."

चूक माझीच होती. मशीनने मला विचारलं होतं. मी ऐकलं नाही.

आता अपडेटच्या आधी मी चार जिने चढतो आणि त्या मशीनवर कोण बसतं ते विचारतो. फिलोमिनाबाईंना त्याचा काही उपयोग नाही. त्या दिवसाचा रिपोर्ट अजून फाइलला आहे, माझ्या सहीचा: चाळीसपैकी चाळीस अपडेट, अडचण काही नाही.