व्याह्यांचा तिसरा सूर

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांना तीन सुरांत बसवता येतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. दुसरा कोणी असता तर मी चपला घालून निघून आलो असतो. पण मुलीच्या सासऱ्यासमोरून असं उठता येत नाही. त्यांनी जेवताना ताटात भाताचे तीन ढीग करून त्यात सा, ग आणि प दाखवले, तरी 'वा वा' म्हणावं लागतं. आणि मधला ढीग सगळ्यात शेवटी खायचा, हेही मुकाट्याने पाळावं लागतं. तीन वर्षं मी हे पाळतो आहे. खरं सांगायचं तर आता मलाच त्याची चटक लागली आहे. सकाळी त्यांचा फोन आला नाही तर चहा फिका लागतो.

व्याही राहतात आटगाव स्टेशनापासून चालत अर्ध्या तासावरच्या गावात. नोकरी होती रेल्वेत, कसाऱ्याला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, ते जोडणाऱ्या माणसांतले ते एक. चौतीस वर्षं लोखंडाशी झोंबून बोटं अशी जाड झाली आहेत, की त्यांनी सुईत दोरा ओवलेला कोणी पाहिलेला नाही. तरुणपणी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ती शिफ्टच्या धबडग्यात सुटली. निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना कपाटावर आमच्या जावयाची गिटार सापडली. जावयाने ती कॉलेजात असताना हौसेने घेतली होती आणि पुण्याला नोकरीला जाताना हौस आणि गिटार दोन्ही कपाटावर ठेवून गेला होता. व्याह्यांनी धूळ पुसली, मोबाइलवर कुठली तरी शिकवणी उघडली आणि त्या घरातली शांतता जी गेली ती गेलीच.

पहिली अडचण आली रंगाची. पेटीवाल्या माणसाला सूर कळतो तो काळी एक, पांढरी चार अशा भाषेत. गिटारीच्या मानेवर मात्र सगळंच एका रंगाचं. "याही, याच्यात काली कंची नि पांढरी कंची, माणसाला कलायचं कसं?" असा फोन आला. याही म्हणजे व्याही, म्हणजे मी. मला काय कळणार? मी मुरबाडच्या शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. पुढच्या रविवारी गेलो तर दाराला लावून उरलेल्या ऑइलपेंटने त्यांनी गिटारीची मान रंगवून काढलेली. प्रत्येक तारेचा हिशेब निराळा, त्यामुळे तिचा बुद्धिबळाचा पट झाला होता. रंग वाळेपर्यंत दम निघेना म्हणून तसेच वाजवायला बसले आणि आठवडाभर बोटं अर्धी काळी, अर्धी पांढरी घेऊन हिंडले. त्याच बोटांनी त्यांनी एका बारशाला पाळण्याची दोरीही ओढली.

मग त्यांना कॉर्ड सापडली. तीन सूर एकदम वाजवले की कॉर्ड होते, एवढं कळल्यावर त्यांचं बोलणं कॉर्डने सुरू होऊन कॉर्डनेच संपायला लागलं. 'आज कॉर्डमध्येच दिवस गेला', 'कॉर्ड काही हाती लागत नाय', 'कॉर्डपायी बोटं सोलली'. गावाने ऐकलं 'कोर्ट'. आमचे व्याही शहापूरच्या कोर्टात गेलेत, ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. जो तो वकिलांची नावं सुचवू लागला. आणि एका सकाळी शेजारचा शेतकरी आपण होऊन आला, बांधावरचं कुंपण त्याने स्वतःच्या हाताने दोन हात मागे घेतलं आणि 'आता घरातल्या घरात मिटवू' म्हणून हात जोडले. व्याह्यांना काहीच उमगलं नाही. माणूस भल्या मनाने आला आहे असं समजून त्यांनी त्याला बसवून घेतला आणि तासभर कॉर्ड ऐकवली. तो बिचारा शेवटपर्यंत निकालाची वाट बघत होता.

पण खरी नशा चढली ती मांडणीची. सूर तीनच, मात्र कोणता खाली, कोणता वर, कोणता दोनदा, कोणाच्या मध्ये किती जागा, यावर तीच कॉर्ड कधी भरलेल्या पातेल्यासारखी जड होते, तर कधी पिसासारखी हलकी. हे सांगताना व्याही बसल्या जागी उसळतात. खालचा सा उचलून वर ठेवला आणि ग तळाला आला, तर कॉर्ड तीच राहते की बदलते, असं मी एकदा चुकून विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "इंजिन म्होरं होतं ते मागं लावलं. गाडी बदलली का? नाय. पन घाट चढतांना जोर वेगला लागतो का नाय?" असं म्हणून त्यांनी दोन्ही मांडण्या वाजवल्या आणि शपथेवर सांगतो, मला तो जोर ऐकू आला. साठीनंतर माणसाला नवा कान फुटतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी सहाला फोन. ते एक कॉर्ड वाजवणार, मी ओळखायचं: हसरी की रडकी. मधला सूर, म्हणजे तिसरा, म्हणजे गंधार, शुद्ध असला तर हसरी. तोच अर्धी पायरी उतरून कोमल झाला की रडकी. सगळा खेळ त्या तिसऱ्याचा. मी दात घासता घासता 'रडकी' म्हणून ओरडायचो आणि आमची ही स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण?"

हिचं आणि व्याह्यांचं मात्र त्या मांडणीवरूनच बिनसलं. एकदा ते विहीणबाईंना घेऊन मुरबाडला आमच्याकडे आले होते. चहा झाल्यावर त्यांनी आम्हाला तीन खुर्च्यांवर बसवलं. मी सा, मधल्या खुर्चीवर विहीणबाई म्हणजे गंधार आणि आमची ही पंचम. मग हिला म्हणाले, जरा उठा. ही भाबडेपणाने उठली. "बघा, पाचवा उठला. काय फरक पडला? कायच नाय. कॉर्डची वलख जात नाय. पन तिसरी उठली, तर घर हसतंय का रडतंय तेच कलायचं नाय." संगीताच्या दृष्टीने बिनचूक होतं ते. पण मुलीच्या आईला तिच्याच घरात उठवून, तू नसलीस तरी चालतं, असं सांगणारा व्याही जगात दुसरा नसेल. हिने चहाचे कप गोळा केले आणि आत नेले. फक्त तेव्हापासून ते आले की माझ्याकडे बघून विचारायची, "पाचव्याने केलेला चहा चालेल का, विचारा त्यांना."

आता विहीणबाईंबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप कोणासाठी चालला होता ते मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात लग्नघरात हळदीपासून पाठवणीपर्यंत बायका धवळे म्हणतात. साथीला काही नसतं. नुसता गळा आणि पाठ असलेली गाणी. विहीणबाई त्यातल्या नावाजलेल्या. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. आणि व्याह्यांनी त्यांचा एकही धवळा मांडवात बसून ऐकलेला नव्हता. लग्नसराईत गावचा मांडव असायचा तेव्हा हे कसाऱ्याला ड्यूटीवर, नाहीतर ड्यूटी करून घरी झोपलेले. घरातल्या लग्नातसुद्धा, म्हणजे माझ्या मुलीच्या वेळी, ते मंगलाष्टकांना जेमतेम पोचले होते. आता एकच लग्न उरलं होतं, धाकट्या लेकीचं. त्या हळदीला बायकोच्या धवळ्याला साथ करायची, एवढंच त्यांना हवं होतं. ते बोलले नव्हते, पण भाताचे ढीग, रंगवलेली मान, सहा वाजताचे फोन, सगळं त्यासाठीच होतं.

विहीणबाईंनी साफ नाही म्हटलं. धवळ्याला वाजप नसतं, हा त्यांचा निकाल. तरी व्याही हटेनात. त्या तांदूळ निवडताना गुणगुणायला लागल्या की हे पलीकडे बसून हळूच शुद्ध गंधाराची कॉर्ड लावायचे. त्या थांबायच्या. कोमल लावली तरी थांबायच्या. एकदा वैतागून म्हणाल्या, "तुमचा सूर आला का माजा पलून जातो." मग व्याह्यांनी मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घेतला, तारेशी ताडून पाहिला आणि हादरलेच. मला म्हणाले, "याही, तिचा गंधार दोन पट्ट्यांच्या मधी हाय. तितं गिटारीत नुसतं लाकूड." तो ना शुद्ध, ना कोमल. तार ओढून तिथवर पोचायचा प्रयत्न केला तेव्हा तार तुटून हनुवटीला लागली. आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त नव्याने शास्त्र शिकलेला नवराच करू शकतो. बायकोला सांगितलं, जरा वर सरकून म्हण.

विहीणबाई वर सरकल्या नाहीत. त्यांनी गाणंच बंद केलं.

हळद बारा दिवसांवर आली होती. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. त्या घरात गुणगुण नाही. तांदूळ निवडून झाले, पापड लाटून झाले, सगळं मुक्याने. सकाळचा फोन आला, पण त्यात कॉर्ड नव्हती. व्याही इतकंच म्हणाले की बायको गायची थांबली, हळदीला दुसऱ्या कोणाला सांगा म्हणते. आवाज असा झाला होता की मला ओळखू येईना. त्याच दिवशी ते किन्हवलीमार्गे एसटीने गिटार मांडीवर घेऊन आमच्याकडे आले आणि तीन खुर्च्यांतल्या त्याच मधल्या खुर्चीवर बसून राहिले. शुद्ध चालत नाही, कोमल चालत नाही, मग तिसरा लावायचा तरी कोणता, हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तेव्हा आमची ही दारात आली. नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून म्हणाली, "माणसांना उठवायची एवढी हौस आहे ना व्याह्यांना? मग त्या तिसऱ्यालाच उठवा म्हणावं."

व्याही आदराने, पण मास्तरी थाटात सांगायला लागले की तिसरा काढला तर कॉर्ड हसरी का रडकी तेच कळत नाही, नुसते सा आणि प उरतात, पोकळ वाजतं. ही पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "ते सांगायला विहीणबाई आहेत ना."

व्याह्यांनी मांडीवरची गिटार खाली ठेवली. मग उठले आणि आमच्या हिला वाकून नमस्कार करायला निघाले. मी मध्ये पडलो नसतो तर केलाही असता. ती 'इश्श, काहीतरीच' म्हणत आत पळाली. जाताना त्यांनी पाचव्याने केलेला चहा दोनदा मागून घेतला.

घरी जाऊन त्यांनी मोबाइलमधल्या आवाजावरून बायकोचा सा धरला आणि तारा त्याला लावल्या. तीनच तारा: सा, प आणि वरचा सा. बाकीच्या तीन काढून खिशात ठेवल्या, हात चुकून जायला नको म्हणून. मग बायकोची माफी मागितली. कशी मागितली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच कळलं, की हळदीला दुसऱ्या कोणाला सांगायचं राहिलं.

हळदीच्या दुपारी मांडवात बायका गोल करून बसल्या. व्याही माझ्याशेजारी खांबाला टेकून बसले, मांडीवर तीन तारांची काळीपांढरी गिटार. कोणी हसलं, त्यांना ते ऐकूच आलं नाही. विहीणबाईंनी धवळा उचलला. पहिल्या दोन ओळी व्याह्यांनी तारांना हात लावला नाही. जसं काही मलाच वाजवायचं आहे, अशी माझी बोटं मांडीवर तारा शोधत होती. मग त्यांनी हलकेच सा आणि प सोडले. विहीणबाईंनी मान वळवली. त्या थांबल्या नाहीत. तारा दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत त्यांचा तो ना शुद्ध ना कोमल गंधार येऊन असा बसला, की लेक उजवल्याचं हसू आणि लेक चालल्याचं रडू मला एकाच सुरात ऐकू आलं. त्या गाण्यात नवरीचा बाप येतो, मांडवात बसलेला. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या बापांना त्यात बसवत आल्या होत्या. आज तो शब्द आला तेव्हा त्यांनी समोर पाहिलं. व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चुकला नाही. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

गाणं उरकल्यावर त्या चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आज मधी आले नाय तुमी." ही गोष्ट व्याह्यांनी त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगितली आहे, बांधावरच्या शेजाऱ्यालासुद्धा.

लेक सासरी गेली. आता त्या घरात ती दोघंच. लग्नं होतात, पण मांडवात मोठे स्पीकर लावतात, धवळ्यांना बोलावणं क्वचित येतं. विहीणबाईंचा दमही आता पूर्वीसारखा पुरत नाही. व्याह्यांनी उरलेल्या तीन तारा परत लावल्याच नाहीत. त्या अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतात.

सकाळी सहाचा फोन मात्र येतो. ते आता हसरी की रडकी विचारत नाहीत. फोन अंगणाकडच्या ओट्यावर ठेवतात आणि सा-प सोडतात. आमची ही माझ्याआधी उठून बसलेली असते. आम्ही मोबाइल मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना बसतो. त्यांच्याकडची कोंबडी ऐकू येते, आटगावातून जाणारी गाडी ऐकू येते आणि एखाद्या दिवशी, लांब चुलीकडून, तो मधला सूर येतो. बरेच दिवस येत नाही. मग व्याही थोडं थांबतात, पुन्हा एकदा सा आणि प सोडतात, मधली जागा तशीच ठेवून. आम्हीही फोन ठेवत नाही.