पाहुण्यांना येणारा वास

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेत यंत्राने भोक पाडून माती काढत होते. खालची माती काळपट निघाली आणि तिला पेट्रोलचा वास होता. म्हणून माती तपासायला आलेल्या तपासणीसाला शेजारच्या शांताबाईंच्या विहिरीचं पाणी हवं होतं. मीही त्याच्यासोबत गेलो. शांताबाईंनी रिवाजाप्रमाणे आधी त्याच्यापुढे तांब्या-भांडं ठेवलं. त्याने भांडं तोंडाशी नेलं आणि न पिताच खाली ठेवलं.

"वास येतो का? आम्हाला नाही येत. पाहुणे म्हणतात, येतो," शांताबाई म्हणाल्या.

"मलाही यायचा," त्यांची सून दारातून म्हणाली. "नवी आले तेव्हा. तुम्ही म्हणालात, माहेरचं पाणी विसर आता."

वास रोजचा झाला की नाकाला कळेनासा होतो. तो नव्या माणसाला कळतो, आणि नव्या माणसाचं सहसा कोणी ऐकत नाही.

तपासणीसाने बाटली भरून चिठ्ठी लावली. अहवाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, असं सांगून तो निघाला. शांताबाईंनी उरलेलं पाणी तुळशीला घालायला भांडं उचललं आणि तसंच हातात धरलं. मग ते सुनेपुढे केलं.

"बघ गं. येतो का अजून?"

सुनेने बराच वेळ हुंगलं.

"नाही," ती म्हणाली. "आता मलाही नाही येत."