मिठाच्या पाण्यातलं लुगडं

बहात्तरच्या दुष्काळात वाटूरकडच्या आमच्या गावात ओढ्याला एकच डोह उरला होता. बायांनी धुणं तिथंच धुवायचं, जनावरांनी तिथंच प्यायचं. मी घरातली थोरली सून. धुण्याचा सोडा टाकून, दगडावर आपटून लुगडी धुवायची. एकदा माझ्या नव्या लुगड्याच्या रंगानं डोहाचा काठ तांबडा झाला, आणि आमच्याच बैलानं पाण्याला तोंड लावलं नाही. सासरे त्याला तहानलेलाच माघारी घेऊन गेले.

त्याच साली धाकटी जाऊ आली, राजूरकडची. तिच्या माहेरी शेजारी रंगारी राहायचा, त्याचं बघून ती शिकली होती. नवं लुगडं ती आधी दुपारभर थंड मिठाच्या पाण्यात ठेवायची, मग रिठ्याच्या फेसात हलकं चोळायची. एकाच पाण्यात आधी पांढरं, मग रंगीत, शेवटी वाकळ. धुणं घेऊन डोहावर ती जातच नव्हती. सासूबाई शेजारणींना बोलावून तिचं धुणं दाखवायच्या. नऊ वर्षं मी त्या घरात घागरी वाहिल्या, माझं कधी कुणी काही दाखवलं नव्हतं.

एका दुपारी तिनं लग्नातलं हिरवं लुगडं भिजत घातलं आणि दळायला बसली. मी त्यात मूठभर सोडा टाकला, वर तांब्याभर कढत पाणी. लुगड्यावर पांढरट डाग पडले. सासूबाई म्हणाल्या, रंगच कच्चा निघाला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटेवर आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "अक्का, पाणी बोटाला बुळबुळीत लागल्तं. मी कुणाला सांगणार न्हाई. पर एवढं पाणी वाया गेलं बघा."

लुगड्याबद्दल एक शब्द नाही. ती भांडली असती तर मी सुटले असते. उलट तिचा हा चांगुलपणाही मला सलायला लागला.

पुढच्या आठवड्यात मी माझं लुगडं घेऊन तिच्यापुढं बसले. तिनं नीट शिकवलं. रंग टिकला. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं शिकवलं वाटतं." माझा जीव पुन्हा जळला.

पुढं माझ्या सुनेला मी ही रीत दाखवली, ती माझी म्हणूनच. जाऊ तिथंच शेंगा सोलत होती. माझं बोलणं संपल्यावर ती सुनेला म्हणाली, "मीठ बराबर हाय. पाणी अजून कमी घाल."