दादांनी सर्व्हर हलवला

दादांना कुठलीही चांगली बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आणि हे बंद पडलं तर?" म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना शंकासुर म्हणायचो.

सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दादा, स्नेहल आणि मी जमायचो. गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांना औषधांची वेळ मराठीतून सांगणारं एक लहानसं ॲप आम्ही हौसेनं करत होतो. कोडमध्ये कुणी काही बदललं की ते जुळवून तपासायचं काम दादांचा जुना कॉम्प्युटर करी; सगळं जुळलं की स्क्रीनवर हिरवी खूण येई. हा आमचा बिल्ड सर्व्हर चपलांच्या रॅकशेजारी घरघरत असे. चप्पल काढताना त्याला कुणाचा धक्का लागला, तर त्या माणसाला चहा उशिरा मिळे.

स्नेहल चिडायची. "दादा, आपण माणसं तीन. एवढ्याशा प्रोजेक्टसाठी घरात सर्व्हर कोण पाळतं? क्लाउडवर फुकट मिळतो, सगळं तेच सांभाळतात."

"दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडू नये. मालक उठ म्हणाला की उठावं लागतं."

"आणि हा बिघडला तर?"

"मी आहे ना इथं!"

त्या वर्षी दादांच्या ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती, आणि इथं राहून नोकरी करायचा त्यांचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, संपत आला होता. पास गेला की घर गेलं, मुलीची शाळा गेली. नव्या पडद्यांचा विषय निघाला की वहिनी "बघू पुढे" म्हणत. एकदा लेकीनं, ईशानं, विचारलं, "पप्पा, नेक्स्ट इयर सेम स्कूल, कॅन ऑर नॉट?" दादांनी तिला अभ्यासाला पिटाळलं. मी विचारलं तर म्हणाले, "होईल रिन्यू." शंकासुराला शंकाच येत नाही, याची मला फार भीती वाटायची.

मग एका रविवारी रॅकशेजारची जागा रिकामी दिसली. दादांनी सगळं क्लाउडवर हलवलं होतं. स्नेहलनं टाळ्याच वाजवल्या.

"पटलं ना शेवटी?"

"पटलं. लहान कामाला तेच बरं. कुणा एकाच्या जिवावर चालू नये."

मी खातं उघडून पाहिलं. त्यात स्नेहलचं नाव होतं, माझं होतं. दादांचं नव्हतं. वहिनी उठून आत गेल्या.

"पास रिन्यू झाला नाही," दादा म्हणाले. "पुढच्या महिन्यात नागपूर. मी नसताना चालतंय का, तेवढं माझ्यासमोर बघून घ्या."

स्नेहलनं एक छोटा बदल पाठवला. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. बिल्ड फसावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

हिरवी खूण आली.