आक्काचे ‘येऊ दे’

गोदामात आक्काचे काम तसे खोकी बांधायचे. पण निम्मा दिवस ती बोळाच्या तोंडाशीच उभी असे. दोन्ही बाजूंना छताला भिडलेले रॅक आणि मधून जेमतेम फोर्कलिफ्ट जाईल एवढी वळणाची वाट. मागे वळून पाहिले तरी चालकाला वळणापलीकडचे काही दिसत नसे, आणि गाडीचा भोंगा केव्हाचा मुका झालेला. मग आक्का ओरडे, ‘‘येऊ दे, येऊ दे,’’ आणि शेवटी, ‘‘बस.’’ तेवढ्या भरवशावर तिचा धाकटा दीर ते अवजड धूड मागे घेई. वशिला लावून त्याला तिनेच कामाला चिकटवले होते. त्याच्या हातून काही वेडेवाकडे घडू नये म्हणून तिचा जीव सारखा टांगणीला.

भोंगा दुरुस्त करा, असे ती सुपरवायझरला सांगून थकली. तो म्हणे, ‘‘आक्का, तुमचा गळा शाबूत असताना भोंगा कशाला?’’ बायका फिदीफिदी हसत. आक्काही हसे, पण धडका खाऊन वाकलेल्या रॅकच्या खांबांवरून तिची नजर हलत नसे.

त्या दुपारी दीर वळणापलीकडे इशाऱ्याची वाट पाहत होता. वाटेत एक हमाल खाली बसून फुटलेल्या खोक्यातला माल गोळा करत होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचे आवरेपर्यंत आक्का गप्प होती. तेवढ्यात लेकीचा फोन आला. नळ दुरुस्त करणारा दारात आलाय, आत घेऊ का, असे ती विचारत होती.

‘‘अगं, येऊ दे त्याला. येऊ दे,’’ आक्का नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली.

गाडी मागे आली. ती ‘बस’ म्हणेपर्यंत पैलवानाचा पाय चाक आणि खांब यांच्यामध्ये सापडला होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दिराला घरी बसवले. आक्का सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिली.

‘‘भाऊजींचा दोष नाही. येऊ दे मी म्हणाले.’’

‘‘फोनवर म्हणालात ना? मग ते कामाचं बोलणं नव्हे.’’

दाराशी उभा असलेला दीर तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘राहू द्या, वहिनी.’’

नवा चालक आला. भोंगा तसाच. आक्काला पुन्हा बोळाच्या तोंडाशी उभे केले. वाट मोकळी होती, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

‘‘नको म्हणत नाही, म्हणजे येतोच,’’ चालक वळणापलीकडून म्हणाला आणि आला.

त्या दिवशी काही झाले नाही. मात्र तेव्हापासून गोदामात तीच रीत पडली: आक्का गप्प असली, की गाडी मागे येते. आक्का आता बोळाकडे क्षणभरही पाठ करत नाही.